दुर्बिणीला लागलेलं कुंकू

ट्रेवर लाल टॅग लावलेला होता. आमच्या डिपार्टमेंटमध्ये लाल टॅगचा अर्थ एकच. वस्तू उघडायची नाही, जशी आली तशी गिऱ्हाइकाला परत पाठवायची.

"नीला, यावर सही कर," ग्लेन म्हणाला. ग्लेन म्हणजे माझा बॉस, सर्व्हिस मॅनेजर. माझं खरं नाव नीलांबरी. पण अठरा वर्षांत तो 'नीला'च्या पुढे गेलेला नाही. मीही आग्रह सोडून दिला.

ट्रेमध्ये आमच्याच कंपनीची एक दुर्बीण होती आणि शेजारी टोनीने भरलेला कागद. आलेली पार्सलं टोनी उघडतो आणि आत काय काय सापडलं ते लिहितो. त्याने लिहिलं होतं: 'लाल आणि पिवळी पावडर, प्रकार माहीत नाही, केमिकल असू शकेल. एक सुकलेलं पान. एक दाणा, बहुतेक तांदूळ.'

"टोनीने ग्लोव्हज घालून उघडलीय," ग्लेन गंभीर चेहऱ्याने म्हणाला. "गिऱ्हाइकाने काय ओतलंय कोणास ठाऊक. सरळ मिसयूज आहे. नाही उघडायची."

मी दुर्बीण उचलली आणि नाकाशी नेली.

"अगंबाई!" मी मोठ्यांदा म्हणाले. मग मला जे हसू फुटलं ते आवरेना. टोनी लांबूनच "यू ओके?" म्हणून विचारायला लागला. त्याला वाटलं मलाही केमिकल चढलं.

हळदीकुंकू होतं हो! दोन नळ्यांच्या मधल्या सांध्यावर गंधाचं बोट, फोकसच्या चाकाच्या खाचांत कुंकू, डोळ्याला लावायच्या रबरात अडकलेली एक अक्षता. आणि ते पान रेडबडच्या झाडाचं. न्यू जर्सीत आम्ही बरेच जण त्यालाच आपटा मानून सोनं वाटतो. दसरा होऊन आठवडा झाला होता. कुणीतरी घरातली शस्त्रं मांडली होती आणि त्यात ही दुर्बीणही पूजेला बसवली होती. आमच्या घरी माझा नवरा लॉनमोवरला कुंकू लावतो, त्यामुळे मला काही नवल वाटलं नाही.

ग्लेनला मी समजावलं, की आमच्यात वर्षातून एकदा कामाच्या अवजारांचे आभार मानतात. त्याने थोडा विचार केला.

"म्हणजे हे मिसयूज नाही, कौतुक आहे?"

"हो."

"पण फोकसच्या चाकात?"

मी म्हटलं, मी स्वतः फोन करते, मग ठरवू.

माझं काम थोडं सांगते. मी दुर्बिणी दुरुस्त करते. सांगलीहून पुण्याला जाऊन काचकामाचं ट्रेनिंग घेतलं, लग्न करून इकडे आले आणि पार्सिपनीजवळच्या एका इंडस्ट्रियल पार्कमध्ये या छोट्या कंपनीत चिकटले. दुर्बीण विकणारे पुढच्या ऑफिसात बसतात, छान कपडे घालून. आम्ही मागे बसतो, एप्रन घालून. विकणारे गिऱ्हाइकाला एकदा भेटतात. आमची भेट वस्तू बिघडल्यावर, म्हणजे माणूस खरा कसा आहे ते कळायच्या वेळी.

गिऱ्हाइकाच्या फॉर्मवर नाव होतं डॉ. मोघे, गाव एडिसन. तक्रारीच्या रकान्यात डॉक्टरी अक्षरात एकच ओळ: 'वाइफ गेट्स हेडेक.' खाली 'दुर्बीण पडली होती का?' या प्रश्नापुढे 'नो'वर ठसठशीत खूण.

मी फोन लावला.

"मोघे काका का? मी दुर्बिणीच्या सर्व्हिसमधून बोलतेय. काका, दुर्बिणीची पूजा कोणी केली?"

पलीकडून एकदम, "अरे वा! मराठी? थांब, थांब हं, एक मिनिट." दार उघडल्याचा आवाज, बंद झाल्याचा आवाज. "आता बोल. मी गराजमध्ये आलोय. हिला माहीत नाहीये दुर्बीण तुमच्याकडे पाठवलीय ते."

"काकूंना?"

"तिला वाटतंय दुर्बीण स्टेट कॉलेजला गेली, पुतणीकडे. पुतणी तिथे शिकते. हिने तिला देऊन टाकलीय. शेवटची पूजा केली, खोक्यात ठेवली आणि मला म्हणाली, टाका पोस्टात, माझं काम झालं. मी पोस्टात टाकली, फक्त पत्ता तुमचा घातला."

"शेवटची म्हणजे?"

मग काकांनी जे सांगितलं ते ऐकताना माझं हसू हळूहळू विरलं.

काकूंचे गुडघे गेल्यापासून त्यांचं फिरणं बंद झालं होतं. मागच्या खिडकीशी खुर्ची, खिडकीबाहेर पक्ष्यांना दाणे घालायचा फीडर, हातात दुर्बीण. कार्डिनल कधी येतो, ब्लू जे कुणाला हुसकावतो, सगळं वहीत टिपून ठेवायच्या. आयुष्यभर कम्युनिटी कॉलेजात गणित शिकवलं, त्यामुळे वहीसुद्धा तक्ते आखून. पण यंदा उन्हाळ्याच्या आधीपासून दुर्बीण लावली की पाच मिनिटांत डोकं चढायचं. नंतर तासभर वाचतानाही अक्षरं पोहायची. काकूंच्या आईची नजर म्हातारपणी गेली होती, शेवटची काही वर्षं तर काहीच दिसत नव्हतं. काकूंनी निष्कर्ष काढला, की आता आपली पाळी.

"डोळ्याच्या डॉक्टरांना दाखवलं नाही?"

"दाखवलं तर! एकदम नॉर्मल. पण डोळ्याचा डॉक्टर माझा चाळीस वर्षांचा दोस्त. ही म्हणते, तुम्ही दोघे मिळून माझ्यापासून लपवताय. तुम्ही डॉक्टर लोक एकमेकांत बोलता आणि पेशंटला 'काही नाही, काही नाही' सांगता." काकांनी आवाज खाली आणला. "आणि खोटं कशाला बोलू, आमच्या पिढीत आम्ही ते करायचो गं. मी स्वतः नातेवाइकांच्या बाबतीत केलंय. हिने पाहिलंय ते. आता कोणत्या तोंडाने सांगू?"

"दुसरा डॉक्टर?"

"जाणार नाही म्हणते. वाचणं सोडलं. खिडकीचा पडदा ओढून घेतला. मला म्हणते, तुमचं जेवण मी अंदाजाने करायला शिकतेय. बाई डोळे मिटून भाजी चिरायचा सराव करतेय, काय सांगू तुला!"

मी फॉर्मवरची 'वाइफ गेट्स हेडेक' ही ओळ पुन्हा वाचली.

"मला दुरुस्ती नाही झाली तरी चालेल," काका म्हणाले. "मला लेखी हवंय. दोष दुर्बिणीत आहे, डोळ्यांत नाही, असं. तुम्ही माझे दोस्त नाही. तुमच्यावर ती विश्वास ठेवेल."

म्हणजे बघा, मी लाल टॅगवर सही केली असती तर त्या घरात एक कागद गेला असता: 'मिसयूज. न उघडता परत.' त्यात दोष कुठे आहे याचा एक शब्द नसता.

मी ग्लेनपुढे जाऊन उभी राहिले. "फक्त तपासते. उघडत नाही. वीस मिनिटं." त्याने घड्याळाकडे बघून मान हलवली.

आधी साफसफाई. इथे एक सांगून ठेवते. काचेवर पावडर असेल, मग ती हळद असो नाहीतर बीचवरची वाळू, तर शर्टाच्या टोकाने पुसायला जाऊ नका. आधी फुंकणी, मग मऊ ब्रश, शेवटी कापड. उलट केलंत तर काचेवरच्या लेपाला घासणी लावल्यासारखं होतं. कुंकू काढायला मला टूथपिक, ब्रश आणि बराच पेशन्स लागला. अक्षता मी खिशात ठेवली. कचऱ्यात कशी टाकणार?

दुर्बीण मात्र झकास होती. आठ बाय बेचाळीस. आठ म्हणजे वस्तू आठपट जवळ दिसते, बेचाळीस म्हणजे पुढच्या काचेची रुंदी मिलिमीटरमध्ये. लोक दुकानात येतात आणि विचारतात, वीसपटवाली नाही का? आपल्या लोकांना तर मोठा आकडा दिसला की भुरळच पडते. पण वीसपट दुर्बिणीत तुमच्या हाताचा कंपही वीसपट होतो. पक्षी दिसायच्या ऐवजी भूकंप दिसतो. नंतर मला कळलं की काकांना वीसचीच घ्यायची होती. काकूंनी तीन शनिवार दुकानात जाऊन, चष्मा घालून, प्रत्येक दुर्बीण पाच-पाच मिनिटं डोळ्याला लावून ही निवडली होती. चष्मेवाल्यांना पूर्ण गोल चित्र दिसतं की कडा कापल्या जातात, ते त्यांनी पाहिलं. मानेला जड होते का, तेही पाहिलं. आणि विक्रेत्याला विचारलं, "बिघडली तर दुरुस्त कोण करतं? इथे करतात की फेकून नवी घ्या म्हणतात?" अशी गिऱ्हाइकं मला फार आवडतात.

मी दुर्बीण स्टँडवर लावली. या स्टँडवर लांब एक उजळलेली फुली असते. दुर्बिणीच्या दोन नळ्या म्हणजे शेजारीशेजारी बांधलेल्या दोन दुर्बिणीच. दोघींनी अगदी एकाच दिशेला बघायला हवं, तर आपल्या मेंदूला एक चित्र मिळतं. उजव्या नळीतून पाहिलं, फुली बरोबर मध्ये. डाव्या नळीतून पाहिलं, फुली खाली.

फार नाही, जरासाच फरक. आणि हा जरासाच फरक जास्त वाईट. खूप फरक असता तर दोन चित्रं दिसली असती आणि कुणीही म्हटलं असतं, दुर्बीण बिघडली. थोडा फरक असला की डोळे बिचारे ओढाताण करून दोन चित्रं जुळवत राहतात. एक डोळा वर, एक खाली, असं आपले डोळे आयुष्यात कधी करत नाहीत. मग डोकं दुखतं, अक्षरं पोहतात आणि माणूस समजतो आपलीच नजर गेली.

"काकू, तुमचे डोळे ठणठणीत आहेत हो," मी त्या स्टँडशी एकटीच म्हणाले. इतका आनंद मला माझ्या मुलीच्या रिझल्टला झाला नव्हता.

ग्लेनने येऊन स्वतः पाहिलं आणि लाल टॅग काढून उघडायची परवानगी दिली. मी उघडली. नळीच्या आत प्रिझम असतो, म्हणजे चित्र सुलटं करणारा काचेचा ठोकळा. डावा प्रिझम जागेवरून सरकलेला आणि त्याच्या कोपऱ्याचा तिळाएवढा टवका उडालेला.

ग्लेन हळूच म्हणाला, "ही पडलीय."

"हो."

"फॉर्मवर 'नो' आहे."

आता आमच्या कंपनीचा नियम असा. दुर्बीण पडली, पाण्यात गेली, कुत्र्याने चावली, काहीही असो, आम्ही दुरुस्त करतो. फक्त खरं सांगायचं. खोटं लिहिलं तर दुरुस्ती नाही. ग्लेन या बाबतीत फार कडक. तो म्हणतो, काय झालं ते कळलं तरच मला काय शोधायचं ते कळतं. खरं तर हे डॉक्टरांना सांगायला नको.

मी पुन्हा फोन केला. पुन्हा गराज.

"काका, दोष दुर्बिणीतच आहे. शंभर टक्के."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. "वाचवलंस गं पोरी."

"पण काका, ती पडलीय."

गराजचं दार पुन्हा एकदा नीट लावल्याचा आवाज आला.

"काका?"

"एप्रिलमध्ये," काका अखेर म्हणाले. "डेकवर. ही आत होती. माझ्या हाताला तेल होतं, साबुदाण्याचे वडे खात होतो. निसटली. मी लगेच उचलून लावून पाहिली, एकदम क्लिअर! मग म्हटलं कशाला सांगा. तिची लाडकी वस्तू, उगीच चिडेल."

"दोन्ही डोळ्यांनी पाहिलीत?"

"म्हणजे?"

"दुर्बीण लावताना एक डोळा मिटता का तुम्ही?"

"अर्थात. मी पॅथॉलॉजिस्ट गं. एका नळीच्या मायक्रोस्कोपवर हात बसलेला माझा. एकच डोळा लावतो." आणि मग त्यांचं त्यांनाच कळलं. "अरे देवा."

एका डोळ्याने पाहिलं तर ही दुर्बीण उत्तमच होती. कोणतीही नळी घ्या, स्वच्छ चित्र. बिघाड दोघींच्या मध्ये होता.

"तू रिपोर्टमध्ये पडली असं लिहू नकोस," काका गयावया करू लागले. "नुसतं लिही, प्रिझम सरकला. आपोआप. वय झालं म्हणून."

"काका, काकू गणिताच्या ना? त्या विचारतील, आपोआप कसा सरकेल? कारण नसलं की त्या म्हणतील, हीसुद्धा तुमच्याच ओळखीची, मराठी बोलते, हिलाही सामील केलंत. आणि पुन्हा पडदा ओढून बसतील."

मी फोन धरून बसले. मला त्यांचा राग येत होता आणि दयाही येत होती. पन्नासेक वर्षं संसार केलेला माणूस वड्याच्या तेलाला घाबरत होता.

"फॉर्म पुन्हा पाठव," काका म्हणाले. "नवीन भरतो."

तासाभरात ई-मेलवर फॉर्म आला. 'दुर्बीण पडली होती का?' यापुढे त्याच डॉक्टरी अक्षरात, पण या वेळी एकेक अक्षर सुटं: 'येस. ड्रॉप्ड बाय मी. वाइफ नॉट इन्फॉर्म्ड.'

ग्लेनने तो वाचला, चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचला. "याला आधी घे," म्हणाला. "बाकीची रांग थांबू दे."

टवका उडालेला प्रिझम मी बदलला. हे मॉडेल बंद होऊन बरीच वर्षं झालीत, पण आमच्याकडे मागच्या कपाटात जुन्या मॉडेलांचे भाग जपून ठेवलेले असतात. विकणाऱ्यांना ते कपाट म्हणजे अडगळ वाटते. मग स्क्रू किंचित फिरवत, फुली बघत, पुन्हा फिरवत दोन्ही नळ्या एका रेषेत आणल्या. शेवटी आत कोरडा नायट्रोजन भरून सील केलं, म्हणजे थंडीत काचेला आतून वाफ धरत नाही. रिपोर्ट ग्लेनने सही करून दिला. कारणाच्या रकान्यात काय लिहायचं विचारलं, तर म्हणाला, "गिऱ्हाइकाने लिहिलंय तेच. त्यापेक्षा चांगलं मला लिहिता येणार नाही."

कुरियरने पाठवता आली असती. पण शनिवारी मला तसंही एडिसनलाच, ओक ट्री रोडच्या देशी दुकानांत भाजी आणायला जायचं होतं. ग्लेनला विचारलं, तो म्हणाला, "होम डिलिव्हरी आपण करत नाही." मग म्हणाला, "त्या बाई काय म्हणाल्या ते सोमवारी सांग."

काकांनी दार उघडलं. उंच, इस्त्रीचा शर्ट, चेहरा परीक्षेला बसलेल्या मुलासारखा. काकू आतल्या खुर्चीत, पडदा ओढलेला.

"काकू, मी नीलांबरी. तुमची दुर्बीण दुरुस्त करून आणलीय."

"ती तर स्टेट कॉलेजला..." काकूंनी काकांकडे पाहिलं. "आणि मला काय उपयोग? माझे डोळे गेले गं बाई. ह्यांना विचार, हे लपवतील."

मी रिपोर्ट त्यांच्या हातात दिला नाही. आधी पडदा बाजूला केला आणि दुर्बीण पुढे धरली. "एकदाच लावा. डोकं दुखलं तर मी परत घेऊन जाते."

त्यांनी लावली. चष्मा सारखा केला, चाक हळूच फिरवलं. बोटांना ओळख होती. फीडरवर एक चिमणीएवढी चिकडी येऊन बसली होती, काळी टोपी घातलेली. एक मिनिट गेलं. पाच मिनिटं गेली. काकांनी घड्याळ बघितलं. दहा मिनिटं गेली.

"दुखत नाहीये," काकू म्हणाल्या. दुर्बीण डोळ्यांवरून काढली नाही, पण खालून गालावर पाणी येत होतं. "अहो, दुखत नाहीये. बीसुद्धा दिसतेय तिच्या चोचीतली. मला वाटलं आईसारखं होणार माझं. मी मनाची तयारी केली होती हो."

मग त्यांनी दुर्बीण मांडीवर ठेवली, चष्मा काढून डोळे पुसले आणि गणिताच्या बाईंच्या आवाजात मला विचारलं, "काय झालं होतं हिला?"

"प्रिझम सरकला होता."

"कशाने?"

मी रिपोर्ट पुढे केला. पण काकाच मध्ये बोलले. "मी पाडली. एप्रिलमध्ये. तुला सांगितलं नाही. माझ्यामुळे सहा महिने..."

काकूंनी कागद वाचला. चष्म्याशिवाय वाचायचा प्रयत्न केला, मग चष्मा लावून वाचला. 'वाइफ नॉट इन्फॉर्म्ड'वर बोट ठेवलं. मला वाटलं, आता भडका उडतो. मी पर्स उचलली.

"डोळे जातील म्हणून मी डोळे मिटून भाजी चिरत होते," त्या काकांना म्हणाल्या. "बोट कापलं, तर पट्टी तुम्हीच बांधलीत."

"हो."

"आणि रात्रंदिवस मला सांगत होतात, काही नाही, काही नाही."

"ते खरं होतं गं."

"खरं होतं. पण अर्धं होतं." काकूंनी काकांचा उजवा हात ओढून आपल्या हातात घेतला, उलटासुलटा करून पाहिला. "पुढच्या दसऱ्याला दुर्बिणीची पूजा नाही. ह्या हाताची करते. बघू निदान कुंकवाने तरी पकड येते का." आणि मग त्या हसल्या, आणि काका रडले. मला चहा मिळायला त्यामुळे बराच उशीर झाला.

निघताना मी खिशातली अक्षता काढून देव्हाऱ्यात ठेवली. स्वयंपाकघरातून जाताना पाहिलं, तर काकूंनी आमचा रिपोर्ट फ्रिजवर मॅग्नेटने लावला होता. शेजारी डोळ्याच्या डॉक्टरांचा 'नॉर्मल'वाला कागद. तो इतके महिने ड्रॉवरमध्ये पडून होता.

सोमवारी ग्लेनला सगळं सांगितलं. तो हसला आणि कामाला लागला. टोनीच्या यादीत मात्र एक नवीन ओळ आली आहे: 'लाल-पिवळी पावडर: नीलाला विचारा.'

लोक मला विचारतात, दुर्बीण कुठली घ्यावी? मी सांगते, आठपटीची घ्या, चष्मा लावून, सावकाश बघून घ्या, आणि दुकानदाराला विचारा की पडली तर उघडणार कोण. तो गप्प बसला तर पुढच्या दुकानात जा. आणि घेतल्यावर ती कधीतरी पडणारच. पडली की आम्हाला फॉर्मवर खरं लिहून पाठवा. पण ते नंतर. आधी घरात सांगा.